पाचगणीचा फारूख आणि वेम्बलीची लाल फीत

२० एप्रिल १९९२, ईस्टरचा सोमवार. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ७२ हजार माणसे जमली होती. व्यासपीठावर येणाऱ्यांत डेव्हिड बोवी, एल्टन जॉन, जॉर्ज मायकेल, ॲनी लेनॉक्स, लायझा मिनेली, 'मेटॅलिका', 'गन्स अँड रोझेस' अशी नावे होती. यांतल्या एकेका नावावर एरवी मैदान भरते. या कार्यक्रमाची तिकिटे मात्र कोण कोण गाणार हे नीट जाहीर होण्यापूर्वीच काही तासांत संपली होती. लोक ज्याच्यासाठी आले होते तो गायक पाच महिन्यांपूर्वी, वयाच्या ४५व्या वर्षी वारला होता. त्याचे नाव फ्रेडी मर्क्युरी. मृत्यूचे कारण होते एड्समुळे झालेला न्यूमोनिया.

त्या दिवशी प्रेक्षकांमध्ये एक लाखाहून अधिक लाल फिती वाटल्या गेल्या. कार्यक्रम उपग्रहाद्वारे ७०हून अधिक देशांत दाखवला गेला. आज जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात किंवा महाविद्यालयाच्या 'रेड रिबन क्लब'च्या फलकावर दिसणारी दुमडलेली लाल फीत न्यूयॉर्कच्या काही कलावंतांनी १९९१मध्ये तयार केली होती. जगभरच्या सामान्य घरांत ती पोचली ती मोठ्या प्रमाणावर वेम्बलीच्या या कार्यक्रमामुळे. 'लालफीत' म्हटले की ज्यांच्या डोळ्यांसमोर अडकलेली फाइल येते, अशा आपल्या समाजाला या शब्दाचा दुसरा अर्थ त्यानंतर कळला.

ज्या माणसाच्या स्मरणार्थ हे सारे झाले, तो पियानो शिकला होता आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला.

बलसाडचे बलसारा

फ्रेडीचे जन्मनाव फारूख बलसारा. बलसाड म्हणजे आजचे वलसाड. तिथले म्हणून बलसारा. देवळालीतले पारशी बंगले आणि सॅनिटोरियम पाहत मोठ्या झालेल्या नाशिककरांना या आडनावाची घडण वेगळी सांगायला नको. वडील बोमी बलसारा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांजिबार बेटावर ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आईचे नाव जेर. तिथल्या सरकारी रुग्णालयात ५ सप्टेंबर १९४६ रोजी फारूखचा जन्म झाला. सहा वर्षांनी धाकटी बहीण काश्मिरा झाली. घर धार्मिक होते आणि मुलाचा नवजोत झरतुष्ट्री रीतीने झाला.

झांजिबारमध्ये वरच्या दर्जाच्या शिक्षणाची सोय नव्हती. म्हणून आठ वर्षांच्या फारूखला आई-वडिलांनी बोटीने मुंबईला आणि तिथून पुढे घाटमाथ्यावर पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवले. ते साल होते १९५५. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवरचे पाचगणी तेव्हा दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते: निवासी शाळा आणि कोरडी, थंड हवा. क्षयावर औषध नव्हते त्या काळात डॉक्टर रुग्णांना अशा हवेत पाठवत. तिथले 'बेल-एअर' सॅनिटोरियम डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कारणासाठी उभारले. हे नाव लक्षात ठेवावे. या गोष्टीच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे.

शाळेत मित्रांनी फारूखचा 'फ्रेडी' केला आणि हे नाव त्याला आयुष्यभर चिकटले. मुलगा बुजरा होता, पण टेबल टेनिसमध्ये तरबेज आणि मुष्टियुद्धातही मागे न हटणारा. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो लगेच पियानोवर वाजवून दाखवी. ते पाहून मुख्याध्यापकांनी पालकांना पत्र लिहिले, थोडे जास्त शुल्क भरून मुलाला पद्धतशीर पियानो शिकवावा असे सुचवले. बलसारांनी ते मानले. फ्रेडी पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा उत्तीर्ण झाला. १२ वर्षांचा असताना चार मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. शाळेच्या समारंभांत तो क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवी. सुट्टीत झांजिबारला जाणे दर वेळी परवडणारे नव्हते, म्हणून तो मुंबईत मावशीकडे राही. हिंदी चित्रपटसंगीत, विशेषतः लता मंगेशकरांचा आवाज, या वर्षांत त्याच्या कानावर पडत होता.

१९६३मध्ये तो झांजिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४मध्ये, तिथे क्रांती झाली आणि मोठा रक्तपात झाला. बलसारा कुटुंब हाती लागेल ते सामान घेऊन इंग्लंडला निघाले आणि हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम उपनगरात स्थायिक झाले. १७ वर्षांच्या फ्रेडीने शिकता शिकता विमानतळावर सामान उचलण्याचेही काम केले. ईलिंग कला महाविद्यालयातून १९६९मध्ये त्याने ग्राफिक कलेची पदविका घेतली. केन्सिंग्टनच्या बाजारात तो मित्राबरोबर जुन्या कपड्यांचा ठेला लावत असे.

हा मित्र म्हणजे रॉजर टेलर. तो दंतवैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडून जीवशास्त्राकडे वळला होता आणि ड्रम वाजवत असे. गिटारवादक ब्रायन मे खगोलभौतिकीचा संशोधक होता. त्याने आपली पीएच.डी. तब्बल ३६ वर्षांनी, २००७मध्ये, पूर्ण केली. १९७१मध्ये आलेला बेसवादक जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. विज्ञानशाखेच्या या तिघांत फ्रेडी एकटाच चित्रकार होता. वाद्यवृंदाला 'क्वीन' हे नाव त्याने दिले, बोधचिन्ह त्याने रेखाटले आणि स्वतःचे आडनाव बदलून 'मर्क्युरी' केले.

१९७५मध्ये आलेले त्याचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' जवळपास सहा मिनिटांचे होते. इतके लांब गाणे रेडिओवर वाजणार नाही, असे जाणकारांचे मत पडले. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी याच वेम्बलीत झालेल्या 'लाइव्ह एड'मध्ये त्याने २० मिनिटांत सारे मैदान आपल्या तालावर नाचवले. तो कार्यक्रम आजही रॉक संगीतातील सर्वोत्तम सादरीकरणांत गणला जातो.

दात, गाठी आणि गळा

फ्रेडीच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते. त्यामुळे पुढचे दात बाहेर आले होते. शाळेत त्यावरून चिडवाचिडवी होई, मोठेपणीही तो हसताना ओठ दातांवर ओढून घेई. पैसा आल्यावर दात सरळ करणे अवघड नव्हते. पण तोंडाच्या रचनेला हात लावला तर आवाज बिघडेल, या भीतीने त्याने ते कधीच केले नाही. जास्तीच्या दातांमुळे आवाजाचा पल्ला वाढतो याला शास्त्रीय आधार नाही. आवाज मुळात तयार होतो तो खाली, स्वरयंत्रात.

ऑस्ट्रिया व स्वीडनमधील संशोधकांनी २०१६मध्ये त्याच्या ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. मुलाखतींतल्या बोलण्याच्या आवाजाची सरासरी कंपनसंख्या सेकंदाला ११७च्या आसपास निघाली. म्हणजे सर्वसाधारण पुरुषाचा, किंचित खर्जाकडे झुकणारा आवाज. उंच सूर लावणारा हा गायक मूळचा मध्यम पट्टीचा होता. त्याच्या आवाजातील कंप सेकंदाला सुमारे सात वेळा होत असे. शिक्षित गायकांत तो सहसा त्याहून मंद असतो. शिवाय काही जागी तो खऱ्या स्वररज्जूंबरोबर त्यांच्या वर असलेल्या खोट्या स्वररज्जूही कंप पाववीत असावा, असा निष्कर्ष निघाला. बोलताना किंवा गाताना त्या सहसा वापरल्याच जात नाहीत. मध्य आशियातील तुवा प्रांतातले कंठगायक त्यांचा असा वापर करतात. फ्रेडीच्या आवाजातला तो खरखरीत, धारदार पोत बहुधा इथून येत होता.

या ताकदीची किंमतही होती. अतिवापराने त्याच्या स्वररज्जूंवर गाठी धरल्या होत्या आणि १९७५च्या अमेरिका दौऱ्यातले काही कार्यक्रम त्यामुळे रद्द करावे लागले. हा आजार केवळ गायकांचा नाही. शिक्षक, कीर्तनकार, कांद्याच्या लिलावात दिवसभर बोली पुकारणारी माणसे यांच्या गळ्यातही अशा गाठी होतात. त्या कर्करोगाच्या नसतात. बऱ्याचदा आवाजाला विश्रांती, भरपूर पाणी आणि बोलण्याची योग्य पद्धत शिकून घेणे एवढ्यावर त्या बऱ्या होतात. मात्र तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखू खाणाऱ्यांनी आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच.

चार वर्षांचे मौन

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात एक छोटी नोंद आली. लॉस एंजेलिसमधील पाच तरुण, समलिंगी पुरुषांना एक अगदी दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. निरोगी माणसाला तो होत नाही. एड्सची ही पहिली शास्त्रीय नोंद. कारणीभूत विषाणू १९८३मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. त्यासाठी फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि लुक माँतान्ये यांना पुढे २००८चे नोबेल मिळाले. रक्ततपासणी १९८५मध्ये उपलब्ध झाली.

हा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, रक्तातील 'सीडी-४' नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो. या पेशी प्रतिकारशक्तीच्या मुकादम. जंतू आला की बाकीच्या पेशींना कामाला लावणाऱ्या. विषाणू आपली जनुकीय माहिती त्यांच्या जनुकांत मिसळतो, त्यांच्याकडूनच आपल्या प्रती काढून घेतो आणि त्यांना संपवतो. निरोगी माणसात रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये या पेशी ५००च्या वर असतात. त्या २००च्या खाली गेल्या की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही जीवघेणे ठरतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. उपचार नसतील तर लागण झाल्यापासून इथवर यायला साधारण आठ-दहा वर्षे लागतात. या काळात माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, स्वतःलाही तसाच वाटतो. 'लाइव्ह एड'मध्ये धावत, उड्या मारत गाणाऱ्या फ्रेडीला तेव्हाच लागण झालेली होती की नाही, हे पाहून कोणालाही सांगता आले नसते. आजही नुसते पाहून ते कोणाबद्दलही सांगता येत नाही.

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे फ्रेडीचा 'क्वीन'बरोबरचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. त्याचा जोडीदार जिम हटन याने पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार, एप्रिल १९८७मध्ये निदान झाले. त्याच्या महिनाभर आधी एचआयव्हीवरचे पहिले औषध, झिडोव्हुडीन, अमेरिकेत मंजूर झाले होते. विषाणूला आपली प्रत काढण्यासाठी लागणारे विकर हे औषध रोखते. पण हा विषाणू प्रत काढताना सतत चुका करतो आणि त्या चुकांतून औषधाला न जुमानणारे वाण तयार होतात. त्यामुळे एकट्या औषधाचा असर काही काळातच ओसरत असे. १९८७मध्ये निदान म्हणजे बहुतेकांसाठी मुदत ठरल्यासारखेच होते.

फ्रेडीने हे मोजक्या लोकांना सांगितले. कार्यक्रमांचे दौरे बंद झाले आणि स्टुडिओतले काम वाढले. स्वित्झर्लंडमधील माँत्रो गावच्या स्टुडिओत तो, अंगात बळ असेल त्या दिवशी, काही तास उभा राहून गात असे. चालणे कष्टाचे झाले तेव्हाही आवाज मात्र टिकून होता. पोकळ होत होती ती प्रतिकारशक्ती. गळा तेवढा शाबूत राहिला. 'द शो मस्ट गो ऑन' हे उंच पट्टीतले गाणे त्याला झेपेल का, अशी शंका ब्रायन मेला होती. ते त्याने पूर्ण ताकदीने गायले. सोबत्यांनी नंतर वाद्ये भरून गाणी पूर्ण करावीत, म्हणून तो सुचतील तेवढे शब्द गाऊन ठेवत होता.

बाहेर वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार लंडनमधील घराच्या दाराशी तळ ठोकून होते. उतरलेला चेहरा टिपण्यासाठी स्पर्धा लागली होती. नोव्हेंबर १९९१मध्ये, निकटवर्तीयांच्या आठवणींनुसार, त्याने वेदनाशामक सोडून इतर औषधे थांबवली. २३ नोव्हेंबरला त्याच्या वतीने निवेदन निघाले, की आपल्याला एड्स आहे आणि या रोगाविरुद्धच्या लढ्यात सर्वांनी साथ द्यावी. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरला संध्याकाळी तो गेला. तीन दिवसांनी लंडनमध्येच झरतुष्ट्री दस्तुरांच्या प्रार्थनेत अंत्यसंस्कार झाले.

तो आधी का बोलला नाही?

हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. त्याच महिन्यात, ७ नोव्हेंबरला, अमेरिकी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने आपल्याला एचआयव्ही असल्याचे जाहीर केले होते आणि तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. फ्रेडी चार वर्षे आधी बोलला असता तर किती तरुण सावध झाले असते, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे.

पण बोलण्याची किंमत काय होती, हे समजण्यासाठी लंडनला जायची गरज नाही. आपल्या शेजारी गोव्यात डॉमिनिक डिसूझा हा तरुण नेमाने रक्तदान करत असे. १९८९च्या फेब्रुवारीत त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. का, हे त्याला धड सांगितलेही नाही. तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार त्याला एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवले. गुन्हा काही नव्हता. विषाणू हाच गुन्हा ठरला. सुटकेनंतर डॉमिनिकने तोंड लपवले नाही. १९९२च्या वसंतात, वेम्बलीच्या कार्यक्रमाच्याच सुमारास, त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत त्याचे निधन झाले.

भारतात या विषाणूची पहिली नोंद १९८६मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांच्या कामातून झाली होती. पुढची कित्येक वर्षे आपल्याकडे नातेवाइकांना मृतदेह लांबून दाखवणे, खाटेवर मोठ्या अक्षरांत पाटी लावणे, विधवा सुनेला घराबाहेर काढणे हे सारे घडले. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या गावांत ट्रकचालकांचा आजार म्हणून त्याकडे बोट दाखवले गेले आणि घरातली बाई तपासणीविना राहिली. अशा वातावरणात माणसे गप्प बसतात, तपासणी टाळतात आणि विषाणू तेवढा पुढे सरकतो. फ्रेडीच्या मौनात ही भीती होती. आई-वडिलांना त्रास होऊ नये ही काळजी होती. आणि आपला आजार कोणाला सांगायचा हे ठरवण्याचा हक्कही होता. भारतात हा हक्क कायद्याने मिळायला २०१७ उजाडले. त्या वर्षीचा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय तपासणी करणे, निदान उघड करणे, नोकरी, शाळा, घर किंवा उपचार नाकारणे याला त्याने मनाई केली आहे.

वेम्बलीतली संध्याकाळ

'क्वीन'च्या उरलेल्या तिघांनी स्मरणार्थ कार्यक्रम करायचे ठरवले तेव्हा शोकसभा करून ते थांबू शकले असते. त्यांनी कार्यक्रमाच्या नावातच एड्सविषयी जागृती हे शब्द घातले. ज्या शब्दाने कुटुंबे हादरत होती, तो शब्द तिकिटावर छापला गेला.

पूर्वार्धात वेगवेगळ्या वाद्यवृंदांनी आपापली गाणी सादर केली. उत्तरार्धात मे, टेलर आणि डीकन वाजवत राहिले आणि फ्रेडीच्या जागी एकेक गायक येऊन गात राहिला. मोठमोठे गायक त्या सुरांपाशी दमले, हेही श्रोत्यांनी पाहिले. डेव्हिड बोवीने मध्येच गुडघे टेकून ख्रिस्ती प्रार्थना म्हटली. अभिनेत्री एलिझाबेथ टेलर यांनी संगीताला आलेल्या हजारो तरुणांसमोर निरोध आणि निर्जंतुक सुया यांविषयी अगदी साध्या, सरळ शब्दांत सांगितले. मित्र रॉक हडसन १९८५मध्ये एड्सने गेला, त्याच वर्षी या कामात उतरलेल्या त्या मोजक्या प्रसिद्ध व्यक्तींपैकी होत्या.

त्या संध्याकाळचे सर्वांत गाजलेले गायन जॉर्ज मायकेलचे. 'समबडी टू लव्ह' हे गाणे त्याने असे म्हटले, की फ्रेडीच्या आवाजाच्या इतके जवळ दुसरे कोणी गेले नाही. त्यामागचे कारण त्याने बऱ्याच वर्षांनी सांगितले. त्याचा जोडीदार आन्सेल्मो त्या दिवशी प्रेक्षकांत होता आणि त्याला हाच आजार असल्याची धास्ती जॉर्जच्या मनात होती. पुढच्या वर्षी आन्सेल्मो गेला. ७२ हजार लोकांसमोर गाताना ही गोष्ट जॉर्जला कोणालाही सांगता आली नव्हती. जागृतीच्या एवढ्या मोठ्या कार्यक्रमातही व्यासपीठावरचा एक माणूस ते ओझे एकटाच वाहत होता.

कार्यक्रमाच्या उत्पन्नातून 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' स्थापन झाला. त्याने आजवर अनेक देशांतल्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामांना पैसा पुरवला आहे. त्याच वर्षी भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना सुरू झाली आणि पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली.

एकाच घरातली दोन माणसे

फ्रेडी गेल्यानंतर पाच वर्षांनी, १९९६मध्ये, तीन औषधे एकाच वेळी देण्याची उपचारपद्धती प्रस्थापित झाली. विषाणू एका औषधाला चकवू शकतो, तिघांना एकाच वेळी चकवणे त्याला जवळपास अशक्य होते. मरणपंथाला लागलेले रुग्ण उठून कामावर जाऊ लागले.

या फरकाचे उदाहरण फ्रेडीच्याच घरात आहे. जिम हटनलाही एचआयव्हीची लागण झाली होती आणि १९९०मध्ये तपासणीत ते कळले होते. तो नव्या औषधांपर्यंत तगला. १ जानेवारी २०१० रोजी, साठीत, कर्करोगाने त्याचे निधन झाले. विषाणू तोच होता. एकाला औषध येईपर्यंतचा काळ मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही.

औषध निघाले म्हणजे ते सर्वांना मिळाले असे नव्हते. वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी हीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात, देऊ केली. त्यानंतर जगभरचे दर कोसळले. भारत सरकारने १ एप्रिल २००४पासून मोफत एआरटी सुरू केली. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. १९९६ ते २००४ या आठ वर्षांत औषध अस्तित्वात असूनही परवडत नाही म्हणून महाराष्ट्रात जी माणसे गेली, त्यांच्यासाठी कुठल्या मैदानावर गाणी झाली नाहीत.

आज भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले आहेत. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयासह राज्यातल्या एआरटी केंद्रांत औषध मोफत मिळते. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. २०१७पासून सीडी-४ पेशी कमी होण्याची वाट न पाहता, निदान झाल्याबरोबर उपचार सुरू करतात. गोळी नेमाने घेतली तर काही महिन्यांत रक्तातील विषाणू मोजणीत न दिसण्याइतका घटतो आणि तसा तो राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. गरोदरपणात आईवर वेळेत उपचार झाले, तर बहुतेक बाळे लागणीविना जन्मतात. आपल्याकडे या रुग्णांचा सर्वांत मोठा शत्रू क्षय आहे. तो टाळण्याची औषधेही केंद्रातच मिळतात.

गोळी सोडणे मात्र धोक्याचे. बरे वाटू लागले, लग्नकार्यात खंड पडला, घरच्यांपासून डबी लपवावी लागली, अशा कारणांनी औषध सुटते आणि विषाणू पुन्हा डोके वर काढतो. डबी लपवावी लागू नये, एवढे तरी घरातल्यांना करता येते.

तपासणी सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रात मोफत होते आणि गुप्त राखली जाते. धोक्याचा प्रसंग नुकताच घडला असेल तर सुरुवातीची तपासणी निर्दोष येऊ शकते, म्हणून तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते. प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठले तर लागण टाळण्याची औषधेही देता येतात. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता माहिती विचारता येते.

पाचगणीच्या ज्या सॅनिटोरियमचा सुरुवातीला उल्लेख आला, ते 'बेल-एअर' आजही आहे. क्षयावर औषधे आली तशी जुन्या अर्थाने त्याची गरज संपली होती. १९९०च्या दशकात त्याला नवे रुग्ण मिळाले. इतर ठिकाणी दार बंद झालेल्या एचआयव्हीच्या रुग्णांना तिथे खाट मिळू लागली. सेंट पीटर्समध्ये पियानोची परीक्षा देणाऱ्या मुलाला ज्या आजाराने नेले, त्याच आजाराची माणसे त्याच गावात उपचार घेऊन, सावरून, घाट उतरून घरी जातात.